फर्मवेअर चढेना

"रुद्रेशकाकानं माझ्या अप्पांचा फोन चोरला. तुम्ही सिद्ध करून द्या, मग मी पोलिसात जातो."

वीरेश लातूरहून नांदेडला आला होता तो हे ठरवूनच. विशाखा सोनकांबळे हिनं समोरचा जुना काळा फोन उचलला. खाजगी तपासाच्या धंद्यात तिनं फोन पुष्कळ पाहिले होते. पण चोरीला गेलेला फोन घेऊन आलेला माणूस पहिलाच!

"फोन तर इथे आहे," तिचा सहकारी बसवंत गोंधळून म्हणाला.

"हा दुसराच आहे. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली. मी पुण्याहून महिनाभर घरी आलोय. म्हटलं, जुन्या फोनवर नवं फर्मवेअर, म्हणजे फोन चालवणारी मूळ प्रणाली, चढवू, आईला वापरायला होईल. फोन सुरू करणाऱ्या बूटलोडरचं कुलूप उघडलं, फर्मवेअर चढवायला लागते ती रिकव्हरी टाकली, पण फर्मवेअर काही चढेना. फाईल पुन्हा उतरवली, केबल बदलली, रिकव्हरी बदलली. दर वेळी एकच उत्तर: ही फाईल या मॉडेलची नाही. शेवटी फाईलमधली ती तपासणीच काढून टाकणार होतो..."

"बरं झालं नाही काढली," विशाखा म्हणाली. "फोन कायमचा गेला असता."

"मग खोक्यावरचा नंबर पडताळला. जुळत नाही. दिसायला तोच फोन, आतलं मॉडेल वेगळं. मग आठवलं, अप्पांचा लॉकचा पॅटर्नसुद्धा नव्हता त्याला."

"संशय काकांवरच का?"

"आईनं गेल्या महिन्यात बॅटरी बदलायला त्याच्याकडेच दिला होता."

विशाखानं मान हलवली. "कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं. हे कोणाला सांगितलं होतं?"

"घरी जेवताना बोललो होतो. काकाही होता."

*

रुद्रेशकाकांचं दुकान लातूरच्या गंजगोलाईत, भर बाजारात होतं. पाटी बघताच बसवंतची पावलं मंदावली. अकरावी-बारावीला लातुरात असताना तो इथूनच कॅसेट भरून न्यायचा. तेव्हा दोन मालक काउंटरवर खांद्याला खांदा लावून बसत. आता तिथं मोबाईलची कव्हरं लटकत होती आणि मालक एकच उरला होता.

"तुम्ही गाणी भरून द्यायचात, काका," बसवंत म्हणाला.

रुद्रेशकाकांचा चेहरा उजळला. "म्या न्हाई, संगप्पा, वीरेशचा बाप. लई नाद त्याला. येणाऱ्या-जाणाऱ्याचा आवाज टेप करायचा. आमचं सगळं जोडीनं. सायकल घेतली तर दोघांनी, चष्मा घेतला तर दोघांनी, रंगबी एकच."

"फोन तुम्ही बदललात?" विशाखानं सरळ विचारलं.

म्हाताऱ्यानं समोरची कव्हरं उगाच सारखी केली. "म्या चोरी केली न्हाई. वीरेशला जे म्हणायचं ते म्हणू द्या. ह्याच्या फुडं इचारू नका, पोरी."

बाहेर आल्यावर बसवंत म्हणाला, "गुन्हा कबूलच केला की त्यांनी!"

"चोरी नाकारली, बसवंत. अदलाबदल नाकारली नाही."

*

वीरेशच्या आईनं, महादेवीबाईंनी, चहा स्वयंपाकघरात ओट्यावरच दिला. खिडकीशी दोन चार्जर होते. एकाला त्यांचा बटणांचा छोटा फोन लावलेला, दुसऱ्याची वायर मोकळी. कप ठेवायला जागा करताना विशाखानं तो दुसरा चार्जर उचलला.

"गरम झालाय की, मावशी."

"उन्हाचे दिस हायत."

"नळ कधी येतो तुमच्याकडे?"

"आठ-धा दिवसाला. पहाटं."

"आणि आई एकदाही चुकत नाही," वीरेश म्हणाला. "मी माडीवर झोपतो, उतरतो तोवर सगळं भरून झालेलं असतं. पूर्वी अप्पा उठवायचे तिला."

"आता कोण उठवतं?"

"सवय," म्हणत महादेवीबाई भांड्यांकडे वळल्या.

विशाखा म्हणाली, "वीरेश, काकांना बोलावून आणा."

*

रुद्रेशकाका आले आणि दाराशीच बसले.

"जुना फोन कोणी का चोरावा?" विशाखानं सुरुवात केली. "विकला तर चहापाण्याचेही पैसे येणार नाहीत. म्हणजे हवं होतं ते आतलं. वीरेश ते पुसणार, हे जेवणाच्या ताटावर मावशींना आणि काकांना कळलं. काका सगळं संगप्पांच्या जोडीनं घ्यायचे, तेव्हा फोनही जोडीचाच असणार."

"त्यानं इथं घेतला, म्या हैदराबादेत," काका पुटपुटले.

"म्हणून आतलं मॉडेल वेगळं, आणि म्हणून फर्मवेअर अडलं. काकांनी आपला फोन कोरा करून दिला. पण दिला कोणाला? बॅटरी बदलली ती वीरेश यायच्या आधी. वापरात नसलेल्या फोनला नवी बॅटरी कोण घालतं? मोकळा चार्जर उन्हानं तापत नाही, नुकतंच काहीतरी चार्ज केलं असेल तर तापतो. बटणांच्या फोनचा चार्जर तर वेगळाच होता." ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, ज्या माणसाला आवाज टेप करायचा नाद होता, त्यानं पहाटेसाठी काय ठेवलंय फोनमध्ये?"

महादेवीबाईंनी पिठाच्या डब्यामागून फोन काढला.

"हे माल आणाया हैदराबादला जायचे, तवा पहाटंच्या गजरासाठी करून ठिवलं होतं. पोरगं म्हणलं, सगळं कोरं होतंय. त्याला कसं सांगू, म्या मेलेल्या माणसाच्या हाकेवर उठते म्हणून? रुद्रेशभावजींना शपथ घातली म्या, कुणाला सांगू नका म्हणून."

त्यांनी बोट टेकवलं. खरखर झाली, मग एक भरदार आवाज आला.

"महादेवी, ऊठ. नळ आलाय. भांडी हळू वाजव, वीरेशला झोपू दे. रात्रभर वाचत हुता. पास हुतोय बघ ह्या वक्ताला."

वीरेश आईशेजारी खाली बसला. बारावीला तो एकदा नापास झाला होता. त्यानंतरच्या वर्षभरात अप्पा त्याच्याशी कामापुरतंच बोलले होते, आणि ते आपल्यावर नाराजच राहिले असं तो आजवर धरून चालला होता.

बसवंतनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

मग वीरेश उठला, दाराशी गेला आणि रुद्रेशकाकांच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला.

"ऊठ रे," काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "पास झालास तवा पेढे त्यानंच वाटले हुते. सगळ्या गंजगोलाईला. तुला सांगू नको म्हणला."