खांबाखाली

आमच्या बेटावर डॉक्टर मंगळवारी उजाडतो. दवाखान्याच्या टेबलावर पाटीएवढा पडदा आहे, त्यात तो सकाळी दिसायला लागतो. डॉक्टर सेकोपे, राजधानीतल्या मोठ्या इस्पितळात बसलेला, मागे पंखा फिरतोय. त्याला भेटायला म्हातारे कमरेला चटई गुंडाळून येतात, रविवारी चर्चला येतात तसे. बायका केसांना तेल लावून येतात. एक आजोबा तर केळीच्या पानात सुरण आणि भाजलेल्या डुकराचा तुकडा घेऊन आले आणि पडद्यापुढे ठेवून बसले.

"आजोबा, तो तिकडे आहे. खाणार कसा?"

"तो कुठला खातोय? तू खाशील. म्हणजे पुढच्या वेळी माझा नंबर आधी लावशील."

पडद्यात डॉक्टर हसला. मी खाल्लं. मी इथली नर्स, नाइते. उपग्रहाची तबकडी येण्याआधी मी एकटीच होते आणि माझ्या मागे समुद्र होता.

पडदा चालतो तबकडीवर, फोनही तिच्यावरच. तबकडीला मोकळं आभाळ लागतं. आमच्याकडे माडांनी सगळं आभाळ झाकलेलं. मोकळं राहिलं ते मेलेल्यांच्या डोक्यावरचं. दवाखान्याच्या मागे उंचवटा आहे, पांढऱ्या वाळूचे ढीग, वर काळे गोटे, उशाशी टांगलेल्या गोधड्या. मागच्या वादळानं त्यातल्या निम्म्या कबरी धुऊन सपाट केल्या. कोण कुठे निजलंय ते वाळूलाही सांगता येईना. तबकडीचा खांब रोवायला माणसं आली तेव्हा त्यांनी विचारलं, "या कोपऱ्यात कोणी आहे का?"

गावचा मुखिया फोलाऊ म्हणाला, "कोणी नाही. खणा."

त्याला घाई होती, आणि ती का होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याची बायको बाळंतपणात अडली आणि बोटीची वाट पाहता पाहता किनाऱ्यावरच गेली. मागे राहिलेली लेक पिसिला आता स्वतः पोटुशी होती. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला. "माझी पोर समुद्राकडे बघत मरायची नाही," असं फोलाऊ ज्याला त्याला सांगायचा. तबकडी वर चढली आणि पडद्यात पहिल्यांदा डॉक्टर दिसला, तेव्हा तो माणूस तोंड फिरवून रडला.

संध्याकाळी बायका पिसिलाच्या पोटाला खोबरेल चोळायच्या आणि गायच्या:

*आत्या उघडी दार, आत्या लावी दार,*
*पोटातल्या पोरा, हाक तिला मार.*

बापाच्या बहिणीपुढे आमच्यात कोणी मान वर करत नाही, भाऊसुद्धा नाही. ती रुसली की भाचीचं बाळंतपण अडतं, असं म्हणतात. पिसिलाची आत्या लुपे वादळाच्या आधीच वारली होती.

"माझी तर रुसायलाच शिल्लक नाही," पिसिला म्हणायची.

"हसू नको गं," बायका म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

मग तिच्या कमरेत दुखायला लागलं. डावीकडे, एकाच जागी.

"सिस्टर, पहार घातल्यासारखं वाटतंय. इथून शिरते, इथून निघते."

मी सोनोग्राफीचं हातातलं यंत्र तिच्या पोटावर धरलं. बाळ छान होतं, अंगठा चोखत होतं. पण चित्रात वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ होती, पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

"जेल कमी पडलंय," डॉक्टर पडद्यातून म्हणाला. "यंत्र जरा फिरव."

मी फिरवलं. चित्र फिरलं, रेघ फिरली नाही.

"यंत्र बिघडलं असेल. स्वतःच्या पोटावर लावून बघ."

माझं पोट स्वच्छ. दारात बसलेल्या दोघी बायकांचंही स्वच्छ. यंत्राचा दोष असा माणूस निवडून लागत नाही, एवढं मला कळत होतं. डॉक्टरलाही कळत असणार. तो म्हणाला, पुढच्या मंगळवारी बघू.

वारा सुटला की तबकडी हलते आणि पडद्यावरचं चित्र तुटतं. त्यात नवल काही नाही. पण माझ्या ध्यानात यायला लागलं, की पिसिला आधी कळवळते आणि चित्र मागून तुटतं.

मी शिकलेली बाई. एका शांत दुपारी, माडाचं पातंही हलत नव्हतं तेव्हा, मी पिसिलाला खाटेवर निजवलं, खिडकीचा पडदा ओढला आणि उंचवट्यावर गेले. खांबाला हात लावला. दाराच्या चौकटीला टेकावं तशी जराशी टेकले.

दवाखान्यातून आवाज आला. बकरं कापताना येतो तसा.

मी हात काढला. आवाज थांबला.

मी पुन्हा टेकले. खात्री करायला.

हे मी कोणाला बोलले नाही. बोलून काय करणार होते? खांब काढला तर डॉक्टर जातो.

कळा वेळेआधी सुरू झाल्या. त्या सकाळी समुद्र खवळलेला होता, बोट सुटणार नव्हती. मंगळवार नव्हता, तरी मी फोन केल्यावर डॉक्टर पडद्यात बाह्या सारून बसला होता, जणू तिथूनच हात घालणार. "मी आहे," तो म्हणत होता. "पडदा तेवढा तिच्याकडे वळवून ठेव."

दुपार झाली. बाळ सरकेना. वारा वाढत चालला, आणि प्रत्येक झोताला पिसिला कमरेतून अशी वळायची, की दोघी बायकांना तिला धरवत नव्हतं. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला. नंतर नुसतं तोंड उघडायचं.

बाळंतिणीच्या खोलीत बापानं यायचं नसतं. फोलाऊ खिडकीबाहेर उभा होता, हातात फावडं.

"सिस्टर," तो म्हणाला, "खांबाखाली लुपे आहे."

"तूच म्हणालास ना, कोणी नाही म्हणून?"

"दुसरी मोकळी जागा नव्हती." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मला वाटलं, आत्याच आहे. भाचीसाठी एवढं सोसेल."

डॉक्टरनं ते ऐकलं. "नाइते, काही झालं तरी लाइन तोडू देऊ नको. बाळ बाहेर आल्यावर खरी माझी गरज लागेल. ऐकतेस ना?"

पिसिलानं माझं मनगट धरलं. तिला आवाज नव्हता. ओठांवरून वाचलं मी. *काढा.*

मी पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"काढ," मी फोलाऊला म्हणाले.

खांब उपटताना मी पाहिला नाही. पिसिलाच्या चेहऱ्यावर पाहिला. वीत वीत वर येत होता.

मग निघाला.

पडदा काळा झाला.

खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की बाहेर कोणीतरी वाळू उपसत होतं ते ऐकू आलं. पुढच्याच कळेला बाळ आलं. मुलगी. चांगली रडली. वार पडली, मी ती थाळीत उलटून पाहिली, अख्खी वाटली. पिसिला हसत होती, घामानं न्हालेली.

"दुखत नाही गं सिस्टर. कुठ्ठेच दुखत नाही. चहा दे."

फोलाऊ खिडकीशी आला. हात कोपरापर्यंत वाळूनं भरलेले. "तिला गुंडाळून पुरलेल्या चटईतून खांब आरपार गेला होता," तो म्हणाला. "कमरेतून. डावीकडून. हाडांना तेल लावलंय, नवी चटई देतोय." मग आतलं रडणं ऐकून तोही हसला.

चहा व्हायच्या आत रक्त सुरू झालं.

मी इंजेक्शन दिलं. दुसरं दिलं. पोट चोळलं. रक्त थांबेना. रेडिओचा जुना संच तबकडी आल्यावर गुंडाळून ठेवला होता, त्याची बॅटरी कधीच मेलेली. मी पडद्याला हाका मारल्या. काळ्या काचेत खाट दिसत होती आणि मी दिसत होते, बस.

ओहोटी जावी तशी ती गेली. शेवटपर्यंत तिला कुठे दुखलं नाही.

खांब आता शाळेच्या अंगणात आहे. दोन माड तोडले आणि आभाळ मोकळं झालं. माड पडताना फोलाऊ नातीला घेऊन उभा होता.

मंगळवारी डॉक्टर पुन्हा उजाडला. पिसिलाची बातमी बोटीनं त्याच्यापर्यंत गेली होती.

"लाइन तुटली," मी म्हणाले. "नाहीतर तुम्ही..."

"कुठे तुटली?" तो म्हणाला. "तुमच्याकडचं चित्र इतकं स्वच्छ कधी आलं नव्हतं. सगळं दिसत होतं मला. थाळीतल्या वारेचा काठ तुटलेला दिसत होता. तुकडा आत राहिलाय, हात घालून काढ, म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडलो. तू वळूनही पाहिलं नाहीस, नाइते. मग तिला सांगितलं."

"कोणाला?"

"ती म्हातारी. पडद्याला लागूनच बसली होती, चटई पांघरून, जरा वाकडी. एकेक गोष्ट समजावून सांगितली तिला. हात कसा घालायचा, कुठे दाबून धरायचं. प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. कळलं का विचारलं, तर कळलं म्हणाली. तुला सांगितलं नाही तिनं?"

मी शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं. त्यावर कापसाचा डबा होता.

"आणखी काय म्हणाली?"

"सांग तिला लवकर, म्हटलं मी." डॉक्टरनं चष्मा काढून डोळे पुसले. "तर हसून म्हणाली, घाई कशाला? माझं दुखायचं थांबलंय आता."