रिस्तोच्या नावाचा घास

तळ्याकाठच्या ओह्रिदला आम्ही दोघांनी यायचं होतं. उन्हाळ्यातली गर्दी ओसरली की जाऊ, असं माझी बायको दाफिना दरवर्षी म्हणायची, आणि दरवर्षी मला कुणाचं तरी न्हाणीघर पुरं करायचं असायचं. मी फरशा बसवतो. सप्टेंबरात हिवाळ्यासाठी मिरच्या भाजता भाजता ती स्वयंपाकघरात कोसळली. मी आणखी एक पोतं आणायला गेलो होतो. नोव्हेंबरात मी एकटाच आलो.

खरं तर आमच्या बितोला गावाहून पळून आलो. मृतांचा शनिवार जवळ आला होता. त्या दिवशी आमच्याकडे बायका घरून काही करून दफनभूमीत नेतात आणि भेटेल त्याच्या हातात ठेवतात, आपल्या गेलेल्या माणसाचं नाव सांगून. घेणाऱ्याने ते नाव घेऊन ‘देव क्षमा करो’ म्हणायचं आणि मगच खायचं. न म्हणता खाल्लं तर घास पोचत नाही. बितोलात राहिलो असतो तर सगळ्या गल्लीने माझ्यासमोर दाफिनाचं नाव घेतलं असतं, मलाही घ्यायला लावलं असतं. मी अजून एकदाही ते म्हटलं नव्हतं. म्हटलं की ती मेली.

दोन दिवस तळ्याकाठी फिरलो. होड्या काठावर पालथ्या घालून ठेवल्या होत्या. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचे गोटे वेगवेगळे दिसायचे. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर पहिलं बर्फ पडलं होतं आणि गल्ल्यांतून लाकडाचा धूर उतरत होता. काही चांगलं दिसलं की मी डावीकडे वळायचो, तिला दाखवायला.

शनिवारी सकाळी घरमालकीण आस्पामावशीने माझं दार ठोकलं.

“ऊठ रे रिस्तो. आज घरात बसून काय अंडी उबवणार आहेस?”

“मावशी, मी पाहुणा आहे.”

“पाहुण्याला हात असतात ना? माझी टोपली उचल. नवरा मेला तेव्हापासून ही चढण माझ्याकडे रागावूनच बघते.”

उचलली. दफनभूमी तळ्याच्या वर, उतारावर आहे. मेणाचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. बायका थडग्यांवर वाइन शिंपडत होत्या, उकडलेले गहू वाटत होत्या. आस्पामावशीच्या नवऱ्यासाठी मी ‘देव नाउमला क्षमा करो’ म्हटलं आणि गहू खाल्ले. परक्याचं नाव घेताना काही वाटलं नाही.

पलीकडच्या रांगेतली एक जाडजूड बाई माझ्याकडे आली. तिचे दोन्ही हात भरलेले होते.

“भाऊ, हे घे, माझ्या आईसाठी. आणि हेही घे बाबा, मला आता एक घास जायचा नाही. बितोलाच्या एका बाईने दिलंय, तिच्या नवऱ्यासाठी.”

कागदात भाजीच्या पोळीचा तुकडा होता, पातळ पापुद्र्यांचा, कांद्याच्या पातीचा. अजून गरम. कडा दोनदा आत मुडपलेली. खालून एका कोपऱ्यात करपलेला. आमची भट्टी मागच्या बाजूला जास्त तापते. दाफिना अर्ध्यात ताट फिरवायला विसरायची आणि मग भट्टीलाच शिव्या द्यायची.

“नवऱ्याचं नाव काय सांगितलं?” मी विचारलं.

“रिस्तो.”

आस्पामावशीने माझ्याकडे पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. “रिस्तो काय, दर दुसऱ्या घरात असतो,” ती म्हणाली. “ठेव ते खाली.”

“दिसायला कशी होती?”

“राखाडी कोट. वरचं बटण नाही. मी म्हटलं, बाई, थंडी वाजेल. तर म्हणाली, बटण माझ्याकडे आहे, शिवायचा कंटाळा आहे.” बाई हसली. “तू उभा आहेस ना, तिथंच उभी होती. अकराच्या बसने जाणार म्हणाली.”

तो कोट आमच्या कपाटात होता. मी स्वतः अडकवला होता.

“ठेव म्हणते ना!” आस्पामावशीने माझं मनगट धरलं. “जिवंत माणसासाठी कुणी देत नाही, चुकूनसुद्धा. आणि तू ते नाव घेऊन खाल्लंस तर तूच मेलेल्यांत जमा.”

मला दाफिनाच्या हातचं खायचं होतं, एवढंच. तिच्यासाठी जे तोंडातून निघत नव्हतं, ते माझ्यासाठी सहज निघालं.

“देव रिस्तोला क्षमा करो,” मी म्हटलं, आणि खाल्लं. मीठ थोडं जास्त होतं. नेहमीसारखं.

मग धावत उतार उतरलो. बस वळणावर पोचली होती. मागच्या काचेवर वाफ धरली होती. आतून कुणीतरी ती बाहीने पुसली. राखाडी बाही. बस वळली.

बस बितोलाला पोचेल तोवर मी थांबलो. मग आस्पामावशीच्या ओट्यावरच्या फोनवरून घरी फोन लावला.

“रिकाम्या घरी फोन करतोस?” ती आतून म्हणाली. घराची किल्ली माझ्या खिशात होती.

फोन उचलला गेला. आधी आमच्या नळाचा आवाज आला, मग तो बंद झाला.

“हॅलो? कोण?”

मी फोन कानाशी घट्ट धरला.

“फरशीचं काम असेल तर रिस्तो नाही हो आता. सप्टेंबरात गेला. मी मिरच्या आणायला बाहेर पडले होते, तेवढ्यात.” खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “आत्ताच ओह्रिदहून आले बघा. दोघांनी जायचं होतं.”

“जेवतेस ना?” मी म्हटलं.

“तुम्ही कोण?”

“त्याच्याबरोबर कामाला होतो.”

“जेवते,” ती म्हणाली. “एकटीसाठी काय करायचं, पण करते.” मग हळूच म्हणाली, “आवाज ओळखीचा वाटतो. करत जा फोन कधीमधी.”

मी परत गेलो नाही. बस रोज सुटते. मी थांब्यावर जातो, ती भरताना बघतो आणि मागे फिरतो. किल्ली घालून दार उघडलं तर आत कुणी नसेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. इथून फोन लावला की ती उचलते. आस्पामावशी आता काही विचारत नाही. खोलीच्या दाराशी ताट ठेवते आणि माझ्याकडे न बघता निघून जाते.

बर्फ तळ्यापर्यंत उतरलं आहे. हल्ली दाफिना फोन उशिरा उचलते. घाईत असते, आनंदात असते. मी गप्प राहून ऐकतो. काल मागून एका अनोळखी पुरुषाचा आवाज आला, “कोण आहे गं?”

“कुणी नाही,” तिने त्याला सांगितलं.