शंभर पिको

तो आला तो थेट माझ्या काउंटरवरच धडकला. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातात स्वतः जोडलेला इवलासा अ‍ॅम्प्लिफायर.

"आवाज गोधडीखाली कोंडल्यासारखा येतोय हो! आणि आज संध्याकाळी निवडचाचणी. निवड झाली, तर वर्षभर वाद्यवृंदाबरोबर देशोदेशी..." त्याला धापच लागली.

दुकान काकांचं, दुरुस्ती माझी. झाकण उघडलं आणि मला हसूच फुटलं.

"हा कपॅसिटर कोणी लावला?"

"मीच. शंभर पिकोफॅरड हवा होता. याच्यावर १०४ लिहिलंय... म्हटलं, चारने काय बिघडतंय?"

"अहो, तो चार म्हणजे दहापुढे चार शून्यं! एक लाख पिको. हजारपट मोठा घातलात, त्याने सगळे उंच सूर गिळले!"

"म्हणजे फॅरडभर झाला का?"

"फॅरड? काहीतरीच! फॅरडचे दहा लाख भाग केले की एक मायक्रो, त्याचे पुन्हा दहा लाख केले की एक पिको. इथे सगळं चिमूटभरच लागतं."

"चिमूटभर... आणि त्यावर सगळा सूर?" तो माझ्याकडे बघतच राहिला. इश्श, माझे कान तापले ना!

मसुराएवढा नवा कपॅसिटर चिमट्यात धरला आणि हात थबकला. हा बसला की आवाज खुलणार, निवड होणार, आणि हा वर्षभर गायब! नाहीच बसवला तर...? छे, असलं मनात आलंच कसं? मी मुकाट्याने सोल्डर केलं.

त्याने गज ओढला. उन्हाचा तिरपा पट्टा, त्यात तरंगणारी धूळ, आणि तो सूर... काका चहाचा कप धरून तसेच उभे राहिले. मी तर कुठे होते, कोण जाणे.

दुकान बंद व्हायच्या वेळेला तो परत आला.

"झाली निवड."

"मग तोंड का पाडलंय?"

"वर्ष फार मोठं असतं... हे आज दुपारपर्यंत कळलं नव्हतं." त्याने मान खाली घातली. "तू थांब म्हणालीस, तर थांबतो."

"मुळीच म्हणणार नाही! तुला थांबवायचंच असतं, तर तो कपॅसिटर बदललाच नसता मी. जा, भरपूर वाजव... आणि परत ये. मला आवडतोस तू."

"म्हणजे... दुपारीच तुला...?"

"हो रे बाबा, दुपारीच!"

दुकानाच्या पायरीवरच मी त्याचा हात धरला. काका खाकरले, शटर ओढलं, किल्ल्या खुळखुळवत निघूनही गेले. मी काही हात सोडला नाही.