पवन्याचा माळ

“आधी पंपाचं तोंड काढ, मग पळ,” उत्कर्षा बाभळीआडून कुजबुजली.

जेवायला बसलेल्या गड्यांची नजर चुकवून तिच्या धाकट्या भावाने, अमृतने, फवारणी पंपाचं नोझल पिळून काढलं. तिघं धूम पळाली. तिसरा धैर्यशील, उत्कर्षाच्याच वयाचा. तो वडिलांबरोबर दिवाळीच्या सुट्टीला कुंडलहून आटपाडीकडच्या या माळावर आला होता. पळण्यात मात्र गडी साफ कच्चा.

सुट्टी लागल्यापासून माळावरच्या पवन्या गवतात पिवळे पट्टे उमटत होते. उन्हाने गवत वाळतं हे खरं, पण असं ओळीत? पवन्या म्हणजे मेंढरांचं पंचपक्वान्न. तो टिकला तरच उत्कर्षाचा बाप, कोंडीबा, यंदा इथे मुक्काम ठेवणार होता आणि तिला परीक्षेपर्यंत शाळेत बसता येणार होतं. नाहीतर बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणची वाट. म्हणून तर तिघांनी पाळत ठेवली होती, आणि आज फवारणारे गडी सापडले होते.

तळावर कोंडीबाजवळ धैर्यशीलचे वडील बाळासो बसले होते. फौजेतून आल्यावर ते ऊस करत, आणि आता माळावर झाडं लावायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

“माझ्या पंपाचं नोझल तुमच्याकडं कसं?” त्यांनी विचारलं.

धैर्यशीलचा चेहरा उतरला. “पप्पा, तुमी फवारलं?”

“व्हय, तणनाशक. झाडं लावायची तर रान आधी स्वच्छ नको? उसात एवढं तण माजलं तर लोक नावं ठेवतील मला.”

“आवं काका, ते तण न्हाई,” उत्कर्षा म्हणाली. “आमचं पीकच हाय ते.”

बाळासो ओशाळले. कुणाला विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. “शाब्बास, पोरांनो,” ते म्हणाले. “चूक माझी. आजपासून फवारणी बंद.”

“निम्मा माळ वाचला की!” अमृतने उडी मारली. पलीकडचा उतार अजून हिरवा होता.

नोझल शोधत आलेल्या गड्याने मान हलवली. “तिकडं कालच मारलंय. दिसतंय हिरवं, पर आठवड्यात मुळासकट जाणार.”

कोंडीबाने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. “लय हुशार हाय माझी पोरगी,” तो म्हणाला आणि घोडा सोडायला उठला.

“आणि शाळा, आबा?”

तो बिऱ्हाड घोड्यावर चढवू लागला. तिला कौतुक नको होतं, शाळा हवी होती. तेवढ्यात मेंढरं सवयीने हिरव्या उताराकडे वळली. विषारी गवत त्यांच्या तोंडी लागू नये म्हणून तिघं आडवी धावली. मेंढरं काही केल्या ऐकेनात, आणि धैर्यशील रडत रडत त्यांना हाकत राहिला.