बसलेल्यांचा दिवा

मी छत्री हाणली ती दिव्याच्या खांबाला. लागली त्याच्या घोट्याला.

"आई गं!" वरून आवाज आला. "खांबाने काय घोडं मारलंय तुझं?"

वर बघितलं, तर शिडीवर एक पोरगा. कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचलेला, केसांत भुरभुर पाऊस अडकलेला. मी सॉरी म्हणणार होते... खरंच! पण तेवढ्यात दिवा परत मंद झाला आणि माझं डोकं सटकलं.

"हा दिवा तू लावलास?"

"मी एकटा नाही, आमच्या टीमने..."

"मग टीमच्या वाटणीचं पण तूच ऐक!"

आणि ऐकवलं. मावशी आणि मी या खांबाखाली छत्र्या, बॅगा दुरुस्त करतो. माणसं कामावरून सुटली की येतात, त्यामुळे आमचं खरं काम अंधार पडल्यावर. आणि आता गल्लीत हे शहाणे दिवे आले. कुणी चाललं की उजळतात, पुढच्या खांबाला कळवतात, माणूस गेला की मंद. वीज वाचते, पाखरांना झोप लागते, सगळं मान्य! पण आम्ही चालत नाही ना, आम्ही बसतो. मी सुईत दोरा ओवेपर्यंत दिव्याला वाटतं, इथे कुणीच नाही. मग मी उठायचं, हातवारे करून नाचायचं, तेव्हा कुठे हे महाराज डोळे उघडणार!

मावशीची बोटं टोचून टोचून चाळण झालेली. कालच म्हणाली, "असंच चाललं तर टपरी बंद. तू आपली कारखान्यात पॅकिंगला जा." पॅकिंगला! शाळेच्या वर्गात माझ्याने बसवलं नाही, त्या बिनखिडकीच्या हॉलमध्ये काय बसवणार?

"सेटिंग माझ्या हातात नाही गं," तो घोटा चोळत म्हणाला. "मी फक्त बसवतो आणि पुसतो."

"मग पूस. आणि नीघ!"

तो निघाला. दुसऱ्या संध्याकाळी परत आला, आणि टपरीसमोर फेऱ्या मारायला लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. डोक्यावर दिवा लख्ख!

मावशी चष्म्यावरून बघत म्हणाली, "याला घरदार नाही का गं?"

"ए शिडीवाल्या, काय चाललंय?"

"तू शिव. मी उजेड पाडतोय."

"मोठा उजेड पाडलास!" मी फणकारले. पण टाका सरळ पडला. कितीतरी दिवसांनी...

मग रोजच. कामावरून सुटला की फेऱ्या. पाऊस आला की मावशी त्याला दुरुस्तीतली एखादी छत्री द्यायची, तीही काडी मोडलेलीच. जाता-येता आमचं भांडण चालायचं. तो वळायचा तेव्हा एक क्षण बघायचा... आणि मी सुईकडे बघत असल्याचं सोंग करायचे.

"हे दिवे काजव्यांवरून सुचलेत," एकदा तो म्हणाला. "नर उडत उडत चमकतो. मादी गवतात बसलेली असते... बसल्या जागेवरून उत्तर देते." आणि कान लाल करून माझ्याकडे बघितलं.

मी लाजायला हवं होतं. मला संताप आला.

"म्हणजे बसलेलीला पण उजेड असतो! मग तुमच्या साहेबांनी अर्धाच काजवा बघितला का?"

तो थांबला. असा थांबला, की दिवा मंद झाला.

"उद्या संध्याकाळी पाहणी आहे," तो अंधारात म्हणाला. "साहेब पाहुणे घेऊन येतायत. त्यांना आवडलं तर सगळ्या शहरात असेच दिवे."

"मग सांग साहेबांना!"

"नोकरी नवीन आहे गं..."

"मग मार फेऱ्या जन्मभर!"

"मारीन की," तो हळूच म्हणाला.

"मला फेऱ्या मारणारा नकोय, मला दिवा हवाय!" मी ओरडले. अर्धं खोटं होतं.

पाहणीला तो फेऱ्या मारायला आला नाही. साहेबांच्या मागे मुकाट चालत होता. त्यांच्या पावलांबरोबर दिवे एकामागून एक फुलत गेले. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. मी उठणारच होते, तर मावशीने मनगट धरलं.

तेवढ्यात तो मागे वळला. टपरीचं स्टूल पुढे ओढलं.

"साहेब, जरा बसता इथे?"

"आत्ता? कशाला?"

"बसा ना, साहेब." त्याने बाहीने स्टूल पुसलं.

साहेब बसले. पाहुणे भोवती उभे राहिले. कुणी हललं नाही... आणि दिवा मंद मंद होत गेला. मावशीने शांतपणे साहेबांच्या हातात सुई-दोरा दिला.

"ओवा."

साहेबांनी दोरा चाटला, सुई डोळ्यांजवळ नेली. दोन-तीनदा चुकले. मी हसले, एकटीच.

"हे आधी का नाही सांगितलंस?" साहेब त्याच्यावर भडकले.

"आधी माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं, साहेब."

"आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं!" मी मध्येच तोंड घातलं.

साहेब सुई-दोरा मावशीला परत देऊन उठले. पण आठवडाभरात गल्लीतल्या बसायच्या जागांवरचे दिवे बदलले. आमचा पण, दुपारी आम्ही नसताना. मी मुद्दाम दगडासारखी बसून राहिले, तरी दिवा मंद झाला नाही. मावशीने पॅकिंगचं नाव काढणं सोडलं.

फक्त तो आला नाही. त्याला कशाला यायचं? उजेड तर होता! मी सुईवर राग काढत होते, तेव्हा समोर ओळखीचे बूट थांबले.

"नोकरी आहे ना?" मी वर न बघता विचारलं.

"आहे. ओरडा खाल्ला, पलीकडचे सगळे खांब माझ्याकडून करून घेतले. म्हणून उशीर."

"मग आता इथे फेऱ्या कशाला?"

"फेऱ्या नाही. बसायला आलोय."

"किती वेळ?"

"दिवा मंद होईपर्यंत."

"तो आता मंद होत नाही."

"माहितीये," तो म्हणाला. "मीच बसवलाय."

माझा राग अजून गेला नव्हता. पण सरकून जागा दिली.