दाराबाहेरच्या चपला

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. घरमालकांपुढे इतक्या वेळा खरं बोलून झालंय, की आता कोणाला पटवून द्यायचा कंटाळा आलाय.

पण हे घडलंय. रविवारी, भर दुपारी, हॉस्पिटलमागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर.

मी त्याच हॉस्पिटलात रक्त तपासते. माझा घटस्फोट झालाय. मुलगी तिच्या बाबाकडे असते, रविवारी माझ्याकडे. स्वतःची खोली दाखवल्याशिवाय कोर्ट मुलीचा ताबा मला देणार नव्हतं.

आणि खोली मला कोणी देईना.

"मिस्टर काय करतात?" इथपर्यंत सगळे गोड. पुढे एकेकाची तोंडं बघण्यासारखी.

हा घरमालक म्हणजे तर कळस. फोनवर म्हणाला, "रिकामी आहे, या की!" मला एकटीला बघितलं आणि, "अरेरे, आत्ताच दिली हो! एक गृहस्थ आहेत. सज्जन. आवाज नाही, पाहुणे नाहीत."

दाराबाहेरच्या लाल पट्ट्यांच्या चपलाही दाखवल्या.

चपला याच्याच! जिन्यात भेटलेल्या शेजारीणबाईंनी हसत सांगितलं. नको असलेलं माणूस आलं, की हा आपल्या जुन्या चपला रिकाम्या खोलीच्या दाराशी मांडायचा. अक्कल चालवली, ती पण कुठे!

महिन्याभराने त्याचाच फोन.

"ताई, या ना राहायला. आजच या."

आवाज कापत होता. मला संताप आला, पण गेले. मुलीसाठी गेले. रविवार होता, म्हणून तीही सोबत होती.

हा जिन्यातच उभा. वर यायला तयार नाही.

"चपला मी कधीच फेकल्या हो," तो कुजबुजला. "रोज परत दाराशी असतात... आतून नळ सुरू होतो... कुलूप माझं, किल्ली माझ्याकडे..."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"म्हटलं, माणसांचा वावर झाला की जाईल. तुम्हाला तशीही कोण देतंय खोली?"

बघा. वर यायची हिंमत नाही, पण माज उतरत नाही.

मी त्याच्या हातातली किल्ली हिसकावली आणि मुलीला घेऊन वर गेले.

चपला होत्या. ओल्या...

आत नळ वाहत होता. मी कुलपाला हात लावला.

नळ बंद झाला.

"खोली दिली हो." दारापलीकडून. शांत, सज्जन आवाज. "एकट्याच का?"

माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. सवय, दुसरं काय!

"मग नाही जमणार."

मी मुलीचा हात घट्ट धरला.

"मुलगी चालेल..."

खाली कशी आले, आठवत नाही. घरमालक एवढंच म्हणाला, "कुठे बोलू नका हं, जागेचं नाव खराब होईल."

थू!

काल मुलीला आणायला गेले. तिच्या बाबाच्या दाराबाहेर तिच्या छोट्या सँडल होत्या. आणि शेजारी... लाल पट्ट्यांच्या चपला. ओल्या.

"या कोणाच्या गं?"

"त्या काकांच्या. बाबा म्हणतो, इथे कोणीच नाहीये."

संध्याकाळी तिला तिथेच परत सोडावं लागलं. मला अजून खोली मिळालेली नाही.