डाव्या बाजूचा उजेड

लाइट गेली तर गेली, बसा. मेणबत्ती आहे. मी शाळेत गेली नाही, संत्र्याच्या पेटीत घालायच्या रद्दीवरून वाचायला शिकली. म्हणून बोलते ते वाचून, तोलून बोलते.

मोहगावहून माल रवाना केला आणि सून तृप्ती मला तपासणीसाठी नागपूरला घेऊन गेली. चार पावलं टाकली की दम लागून राहिला होता. डॉक्टर करुणाबाईंना शंका, फुप्फुसाच्या नसेत रक्ताची गाठ अडकली असेल. आणि मला फुप्फुस एकच. डावं तरुणपणीच सडलं, कापून काढलं. ही बाई आता वर्ष काढत नाही, असं सगळं गाव म्हणे. त्या एका उजव्यावर मी संत्र्याचा बगीचा उभा केला आणि असं म्हणणाऱ्यांच्या तेरव्या जेवून आली. आता उजव्यातच रक्त पोचत नसेल, तर खेळ संपला.

खोली थंड, अंधारी, स्पिरिटच्या वासाची. मशीन चालवणाऱ्या केतननं दंडात सुई दिली. औषध रक्तासोबत फुप्फुसात जाते. रक्त पोचलं तिथं पडद्यावर उजेड, नाही पोचलं तिथं काळोख. मी म्हटलं, पडदा इकडे वळव, माझं रक्त मी पाहीन.

मशीन छातीवर उतरून गुणगुणू लागलं. उजवीकडे फिकट ठिपके, बाकी काळं. मग डावीकडे, जिथं माझ्याजवळ काहीच नाही, तिथं खालून उजेड चढत गेला. भरगच्च. अख्ख्या फुप्फुसाएवढा.

केतनला वाटलं, बाजू उलटी लागली. त्यानं माझ्या उजव्या खांद्याला खूण लावून पुन्हा पाहिलं. खूण उजवीकडेच होती.

"आजी, श्वास रोखा जरा..."

मी रोखला. डावीकडचा उजेड हळूहळू फुगत, बसत राहिला.

"रोखा ना, आजी..."

मी तोंडावर हात ठेवून दाखवला. तो पडद्याकडे वळला. "मग हा श्वास... हा कोण घेऊन राहिलं?"

करुणाबाई आल्या. पडदा पाहून त्यांनी विचारलं, काढलेल्या फुप्फुसाचं काय केलं होतं? मी सांगितलं. आमच्याकडे जित्या माणसाचं कापलेलं अंग मीठ घालून पुरतात. पुरताना म्हणायचं, तुझं-माझं संपलं, आणि मागं पाहायचं नाही. सासूनं बजावलं होतं. पण माझं अंग मी का म्हणून तोडू? मी खड्ड्यात वाकून म्हटलं, तू माझंच आहेस, माझ्याआधी मरायचं नाही.

"आई, असं बोलतात का कोणी?" तृप्ती पुटपुटली.

"मी बोलते."

गाठ विरघळायचं औषध दिलं. पुढच्या तपासणीत उजवं लख्ख उजळलं. डावी बाजू कोरी, काळी. केतन पहिल्यांदा हसला. करुणाबाई म्हणाल्या, जिंकल्या तुम्ही. मी म्हटलं, मग काय हरायला आली होती?

त्यांनी पाठीवर नळी ठेवून उजवी बाजू ऐकली. सवयीनं डावीकडे सरकवली, आणि हात तिथंच थांबला. त्यांनी नळीची टोकं माझ्या कानात घातली.

मी निवांत बसली होती. आतला दम मात्र धावत येणाऱ्या तरुण बाईचा होता... आणि दर श्वासाला जवळ येऊन राहिला होता.